फौजी सॅक आणि भावाचा उजवा हात

माझ्या धाकट्या भावाला नवी वस्तू कधी आवडली नाही. मोबाइल घेतला तो कोणाचा तरी वापरलेला, बाइक घेतली ती दोन मालकांच्या हातून आलेली. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "ताई, मला नवीन काही झेपत नाही." यावर मी हसायचे, आई हसायची नाही. डोंगरात जायला लागला तेव्हा सॅकसुद्धा त्याने जुनीच शोधली. ती घ्यायला मला बरोबर नेलं, कारण घासाघीस करायला त्याला लाज वाटते आणि मला वाटत नाही.

उरणच्या रस्त्याला भंगाराच्या दुकानांची रांग होती. मोडीत काढलेल्या जहाजांतल्या खुर्च्या, दोरखंड, पितळी दिवे, काय वाटेल ते तिथे मिळायचं. त्यातलं एक दुकान फौजेतून बाद झालेल्या सामानाचं. पुढे बुटांचे ढीग, मध्ये ताडपत्र्या आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या सॅक. जाड सुती कापडाच्या, शेवाळी रंगाच्या, रिकाम्या असूनही फुगलेल्या. मी काही भित्री बाई नाही. नवरा जहाजावर असतो, वर्षातले निम्मे महिने नेरूळच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी मुलगी दोघीच असतो. पण त्या भिंतीकडे पाठ करून उभं राहणं मला जमलं नाही, हे खरं.

दुकानदार प्रत्येक सॅक काढून दाखवताना म्हणायचा, "सियाचीन से आया है." सगळा माल सियाचीनहून आला असेल तर तिथे जवानांकडे आता काही उरलं नसेल, असं मी म्हटलं. भावाने निवडलेल्या सॅकच्या झाकणावर एक नंबर रंगवलेला होता आणि काळा रंग फासून तो बुजवलेला होता. हा नंबर कोणाचा, मी विचारलं. दुकानदाराने झाकण आपटून धूळ काढली आणि म्हणाला, "जिसका था उसका काम हो गया, मॅडम." भावाला हे वाक्य इतकं आवडलं की पुढे कितीतरी दिवस तो ते भेटेल त्याला ऐकवत होता.

आमचं माहेर कोपरखैरणे गावठाणात. शेवटची जमीन गेल्यावर वडिलांनी बांधलेली इमारत, खाली भाडेकरू, सगळ्यात वर आई आणि भाऊ. भाऊ तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. सॅक घेऊन आम्ही जिना चढलो तेव्हा आई कोलंबी सोलत बसली होती. तिने मान वर करायच्या आधी नाक वर केलं. त्या कापडाला वास होता, धुराचा, तेलाचा आणि आणखी कशाचा तरी.

"कोनाची हाय ती?" आईने विचारलं.

"फौजेतली आहे, आई. चांगली मजबूत आहे."

"जेची हाय तो कुठं हाय आता?"

भाऊ दुकानदाराचं वाक्य सांगणार होता, मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. आईने हातातली कोलंबी ताटलीत टाकली. "मेलेल्या मानसाची वस्तू घरान आनतंस. त्याला त्याचं ओझं परत पायजे झालं म्हंजे?"

आम्ही दोघं हसलो. आमच्या घरात आईचं बोलणं असं हसण्यावारी नेण्याची पद्धतच पडून गेली होती. तिला दर चार दिवसांनी काहीतरी दिसतं, कुठेतरी दिवा लावायचा असतो, कोणाची तरी नजर उतरवायची असते. त्यातलं दहातलं नऊ सोडून द्यायचं असतं, आणि मग दहावंही आपोआप सुटतं.

भावाने त्या सॅकची केली तेवढी सेवा त्याने कोणाचीच केली नसेल. गच्चीवर ऊन दाखवलं, उसवलेल्या शिवणी चांभाराच्या दोऱ्याने पक्क्या केल्या, पाणी आत जाऊ नये म्हणून मेणबत्त्या वितळवून कापडावर चोळल्या. मेण जिरवायला माझा हेअर ड्रायर नेला तो परत आलाच नाही. सॅकच्या मागे लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा होता आणि कमरेला बांधायचा रुंद पट्टा. कातळ चढताना मान वर केली की सांगाडा डोक्याच्या मागे लागायचा, म्हणून त्याने तो काढून टाकला. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल गंजून धरलं होतं, म्हणून पट्टाही कापला. उरली एक मोठी पिशवी आणि खांद्याचे दोन पट्टे, माझ्या पर्सच्या पट्ट्याहून थोडेच रुंद. त्याचं बघून त्याच्या ग्रुपमधल्या तिघांनीही तशाच सॅक आणल्या आणि तशाच कापल्या. रंगीबेरंगी नव्या सॅक घेऊन येणाऱ्यांना ते "दप्तरवाले" म्हणायचे. खऱ्या फौजी सॅकला चेन नको, गादी नको, कंबरपट्टा नको, अशी त्यांची समजूत. खऱ्या फौजेने तो पट्टा मुळात लावलाच कशाला होता, हे चौघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

त्यांचा एक नियम होता. मुक्कामाची जागा येईपर्यंत सॅक जमिनीला टेकवायची नाही. दमलात तर गुडघ्यांवर हात टेकून वाका, झाडाला रेला, पण सॅक पाठीवरच. ज्याची टेकली तो त्या मुक्कामाची सगळी भांडी घासणार. ऐकायला गंमत वाटते. पण पुरुषांनी गमतीत केलेले नियम फार कडक पाळले जातात, घरातले नाही पाळले तरी. त्यात भाऊ म्होरक्या, म्हणून टोप, स्टोव्ह, दोर आणि सगळ्यांचं पाणी त्याच्या पाठीवर. त्याने एकदाही भांडी घासली नव्हती.

एका थंडीत मी आणि माझी मुलगी त्यांच्याबरोबर प्रबळगडाच्या पठारावर राहायला गेलो. मी हट्टाने थोडा वेळ त्याची सॅक पाठीवर घेतली. पहिल्यांदा वाटलं, एवढं काय त्यात. मग पट्टे खांद्यात उतरायला लागले. वाट एका गर्द झाडीतून जात होती, पुढचे लोक वळणाआड गेले होते, आणि मला असं स्पष्ट वाटलं की मागून कोणीतरी दोन्ही खांद्यांवर हात ठेवून सावकाश खाली दाबतंय. मी वळून बघितलं. मागे कोणी असणार नव्हतंच. तोवर उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. भावाला सांगितलं तर म्हणाला, "सगळ्यांना येतात. उतरवली की जातात." त्याने सॅक परत घेतली, खांदा उडवून नीट बसवली आणि चालू लागला. संध्याकाळी चहा करताना मी बघितलं, काडेपेटी तो डाव्या हाताने ओढत होता. भाऊ काही डावखुरा नाही.

मग या गोष्टी मला दिसायलाच लागल्या. माहेरी गेले असताना त्याने शर्टाची बटणं आईकडून लावून घेतली, लाडात आल्यासारखं दाखवत. एकदा जेवताना त्याच्या हातून भात ताटात परत सांडला, पुन्हा सांडला, मग त्याने चमचा मागितला. बोंबलाचं कालवण चमच्याने खाणारा माणूस आमच्या घराण्यात जन्माला आलेला नाही. आई जेवायची थांबून त्याच्या हाताकडे बघत होती. तो बाहेर गेल्यावर ती मला म्हणाली, "त्याचा हात बघलास? तो मेला त्याचा हात धरून खेचतंय."

"आई, टेन्शन देऊ नको. वजन उचलतो, दुखत असेल."

"दुखतंय तर तो वरडल. तो गप हाय."

खरं तर तिथेच मी कान टवकारायला हवे होते, पण तिने त्या सगळ्याला मेलेल्या शिपायाचा रंग दिला होता आणि असल्या बोलण्याला मान डोलावणं मला जमत नाही. पुढच्या वेळी गेले तर सॅकला लिंबू-मिरची बांधलेली आणि ती जिन्यात काढून ठेवलेली. भाऊ वैतागला होता. त्याने सॅक उचलली, माझ्या गाडीत टाकली आणि म्हणाला, "ताई, तुझ्याकडे राहू दे थोडे दिवस."

अशी ती सॅक माझ्या घरी आली. नेरूळच्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशिनच्या वर एका हुकाला मी ती टांगली. कपडे वाळत घालायला जावं तर ती समोर. वारा असला की ती हलायची, पण तिचं हलणं बाकीच्या कपड्यांच्या हलण्याशी जुळायचं नाही, ती जड होती म्हणून असेल. त्या दिवसांत मी कपडे आतल्या खोलीत स्टँडवर वाळवायला लागले. मुलीने कारण विचारलं तर म्हटलं, बाहेर धूळ फार आहे.

मुलगी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा मामा म्हणजे तिचा हिरो. तिचा बाप बंदराबंदरांतून व्हिडिओ कॉलवर भेटणार, मामा मात्र सायकलच्या मागे धावलेला, तिला पोहायला शिकवणारा. आता तो तिला कातळ चढायला शिकवत होता. फेब्रुवारीत त्यांचा एक बेत ठरला होता. पनवेलच्या पुढे एका डोंगराच्या टोकाला एक काळा कातळ सुटा उभा आहे, आमच्या सोसायटीच्या इमारतीएवढा असेल. तो ती चढणार होती आणि खाली दोर मामा धरणार होता. इतर कोणी धरला तर ती चढणारच नव्हती.

बेताच्या आधीच्या रविवारी भाऊ माझ्याकडे आला होता. कपाट थोडं सरकवायचं होतं. उकडत होतं म्हणून त्याने शर्ट काढला आणि बनियनवर कपाटाला दोन्ही हात लावून जोर दिला. मी मागे उभी होते. त्याच्या पाठीचं उजवं फरं, खांद्यामागचं ते पसरट हाड, पाठीपासून सुटलं आणि पंखासारखं बाहेर आलं. कातडीखालून काहीतरी उठून बसावं तसं. डावं जागेवर होतं.

"हे काय झालंय तुझ्या पाठीला?"

त्याने हात खाली घेतले. हाड आत गेलं. "काय झालंय? लहानपणापासून आहे ते."

"तुला लहानपणी आंघोळ मी घातली आहे," मी म्हटलं. "मला नको सांगूस."

आमच्या खालच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट बाई राहतात. मी त्याला तसाच बनियनवर खाली घेऊन गेले. त्यांनी त्याला भिंतीला हात टेकवून ढकलायला लावलं, बोटं दाबायला लावली, अंगठा आणि करंगळी जुळवायला लावली. करंगळीपर्यंत अंगठा पोचेना. मग त्यांनी विचारलं, पाठीवर काय वाहता, किती वेळ, पट्टे कसे आहेत. कंबरपट्टा कापला म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मानेतून निघणाऱ्या नसा गळ्याच्या हाडाखालून हातात जातात, त्या जागी अरुंद पट्टा सतत दाबत राहिला की नसा निकामी व्हायला लागतात. वजन कमरेवर उतरावं म्हणून तर तो पट्टा असतो. हात बरा होईल का, असं मी विचारलं. होतो बऱ्याच जणांचा, महिने लागतात, पण काहींचा पूर्ण परत येत नाही, त्या म्हणाल्या. डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्या, पाठीवर आता काहीही घ्यायचं नाही, आणि हा हात कधी दगा देईल सांगता यायचं नाही, तेव्हा यावर भिस्त ठेवू नका.

वर आल्यावर मी भावाला स्पष्ट सांगितलं, तू माझ्या मुलीचा दोर धरायचा नाहीस.

"ताई, एवढी एक रविवारची चढाई होऊ दे. मग डॉक्टर, मग तू म्हणशील ते."

"तिचा जीव तुझ्या हातात असणार आहे. आणि हात हा असा."

मग तो म्हणाला की ठीक आहे, दोर दुसरा मित्र धरेल, मी फक्त बाजूला उभा राहीन, पण तिला आत्ता सांगू नको, तिचा धीर जाईल. मुलगी आली तेव्हा मी तिला चढू नको एवढंच म्हटलं. मामाचा हात दुखतोय, पुढच्या महिन्यात जा. तिने बूट काढता काढता माझ्याकडे असं बघितलं जसं मी आईकडे बघत आले होते.

"मम्मी, तू पण आजीसारखंच चालू केलंस."

मी ठरवलं, आपण बरोबर जायचं. भाऊ शब्द पाळतो की नाही ते डोळ्यांनी बघायचं.

रविवारी पहाटे गाडीत बसताना सॅक भावाच्या पायाशी होती. आदल्या संध्याकाळी मुलीनेच ती हुकावरून काढून भरून ठेवली होती, दोर, पाणी, सगळं. पायथ्याला पोचल्यावर मी काही म्हणायच्या आत त्याने ती पाठीवर चढवली. मित्रांसमोर मी तमाशा करणार नाही हे त्याने बरोबर ओळखलं होतं. मी दात खाऊन मागून चालत राहिले. सगळी चढण माझे डोळे त्याच्या उजव्या हातावर. हात पुढेमागे हलत नव्हता, नुसता लोंबत होता. एका ठिकाणी फांदी बाजूला करायला त्याने डावा हात आडवा घेतला. मी म्हटलं, "टेकव की जरा, भांडी मी घासते." तो म्हणाला, "आलंच आता." आजूबाजूला गवत वाळून पिवळं झालं होतं, हवा अजिबात नव्हती, आणि एवढ्या मोठ्या डोंगरावर एक पाखरू बोलत नव्हतं. मला उलटं फिरावंसं वाटत होतं. पाय मात्र त्यांच्या मागे जात होते.

कातळाखाली पोचलो. दोन मित्र मागच्या घळीतून वर गेले. वर एक खिळा आहे, त्यातून दोर ओवून त्याची दोन्ही टोकं खाली सोडायची. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला. दुसरं खाली उभ्या माणसाच्या कमरेला अडकवलेल्या कडीतून त्याच्या हातात. चढणारा वर जातो तसा खालचा दोर ओढून घेत राहतो. पाय सुटला की त्याने दोर खाली मांडीशी दाबायचा, मग तो कडीत आवळतो आणि चढणारा लोंबकळत राहतो. दाबला नाही तर दोर सुसाट निघून जातो. मांडीशी दाबणारा तो हात उजवा असतो.

ठरल्याप्रमाणे वरच्या दोघांपैकी एकाने खाली येऊन दोर धरायचा होता. वरून आवाज आला की खिळा जुना वाटतोय, आम्ही दोघंही वर थांबून त्याच्यावर लक्ष ठेवतो, तू खालून घे. तिसरा मित्र खालच्या पाड्यावर पाणी भरायला गेलेला. मी म्हटलं, तो येईपर्यंत थांबू. मुलीने कमरेला गाठ मारून झाली होती. "मम्मी, प्लीज. ऊन चढलं की कातळ तापतो." भावाने माझ्याकडे न बघता दोर कडीत घातला. त्याचा चेहरा मी ओळखते. लहानपणी विहिरीवर पोरांनी चिडवल्यावर उडी मारायच्या आधी त्याचा तोच चेहरा असायचा.

ती चढायला लागली. मी बसले नाही, भावाच्या मागे हात पोचेल एवढ्या अंतरावर उभी राहिले. ती छान चढत होती. हात वर, पाय वर, थांबून श्वास. भाऊ डाव्या हाताने दोर खाली घ्यायचा आणि उजव्याने मागे ओढायचा. मग उजवा मागे जायचा तो हळू जायला लागला. ती दुसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर होती तेव्हा तो थांबलाच. तिच्या डोक्यावरचा दोर ढिला पडून कातळावर लोंबला. मी खाली बघितलं. बोटं दोराभोवती होती पण त्यांनी दोर धरलेला नव्हता.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला. "हात गेला."

मला त्या क्षणी त्याला थोबाडावं असं वाटलं. इतका संताप मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता आणि इतकी भीतीही वाटली नव्हती.

"माझ्या हाताच्या मागून दोर धर. दोन्ही हातांनी. काही झालं तरी सोडू नको. ओरडू नको, ती घाबरेल."

मी दोर धरला. तो डाव्या हाताने खाली घ्यायचा, मी मागे ओढायचे. दोघं मिळून एक मामा झालो होतो.

"मामा, दोर ढिला आहे का?" वरून आवाज आला.

"नाही गं. चढ."

"पकडलंस ना?"

"पकडलंय," भाऊ म्हणाला. आवाज एकदम नेहमीचा, हसरा. त्याच्या मानेवरून घाम उतरत होता.

पुढचा दगड तिच्या पायाखालून निसटला. तिचा आवाज आला नाही, फक्त दोर माझ्या तळहातांतून सळसळत गेला. चटका बसला. मी सगळं अंग टाकून खाली बसले. भाऊ पुढे फेकला गेला आणि कातळावर आदळला. डावा हात आडवा आला, उजवा नाही, त्यामुळे गाल फुटला. मग सगळं थांबलं. बारीक खडे अजून पडत होते. ती वर हेलकावे खात लोंबकळत होती.

"थँक यू, मामा," ती वरून हसून म्हणाली.

मला वाटलं, आता संपलंच. पण तिने पुन्हा कातळ धरला आणि टोकापर्यंत गेली. वरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी एकेक हात दोर मागे घेत होते, तळहाताची कातडी दोराला लागून येत होती, आणि मी हूं की चूं केलं नाही. मग तिला खाली सोडायचं होतं. भाऊ पुटपुटत सांगत होता, सावकाश, आणखी सावकाश, आणि मी एकेक वीत दोर देत होते. ती पाठमोरी खाली येत होती. ती जवळ आली तसा भावाने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि एखादी वस्तू ठेवावी तसा माझ्या हातांच्या पुढे दोरावर ठेवला.

पाय जमिनीला लागायच्या जरा आधी ती वळली. तिने तो ठेवलेला हात बघितला. त्याच्या मागचे माझे लाल हात बघितले. मामाचा फुटलेला गाल बघितला. तिच्या डोळ्यांत काय आलं ते मी नीट बघितलं नाही, बघवलं नाही.

"मस्त पकडलंस, मामा," ती म्हणाली आणि खाली बघून कमरेची गाठ सोडायला लागली.

उतरताना सॅक तिने घेतली. तो नको म्हणाला नाही. एरवी डोंगर उतरायच्या आत ती पुढचा डोंगर ठरवून घेते, मामाचं डोकं खाऊन खाऊन. तो तिच्या बरोबरीने चालत होता, जरा मुद्दामच हळू, आणि ती पुढच्या डोंगराचं विचारेल म्हणून वाट बघत होता. ती खूप गोड बोलत होती. गाल दुखतोय का, पाणी हवंय का, डॉक्टरकडे उद्याच जाऊया का. गाडीत ती मागे बसली. पनवेल गेलं, खारघर गेलं. भाऊ माझ्या शेजारी उजवा हात मांडीवर घेऊन बसला होता आणि मी तळहाताला रुमाल बांधून स्टिअरिंग धरलं होतं.

नेरूळला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी ती उतरली. मी त्याला पुढे कोपरखैरण्याला सोडणार होते. तिने त्याच्या खिडकीशी वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मामा, जपून राहा हं."

हे आजपर्यंत तो तिला म्हणत आला होता. त्याने मान हलवली, ती आत जाईपर्यंत हसत राहिला, आणि मग मला म्हणाला, "ताई, चल."